आधी प्राणी ठरवा, मग बेट

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले होते, की उष्ण कटिबंधातल्या बेटांवर डायव्हिंगला जायचा बेत असेल तर विचारा. विचारलंत! पत्रांचा ढीग पाहून संपादकांनी मला एक जास्तीची खुर्ची दिली, ढीग ठेवायला. त्यातली नऊ पत्रं इथे घेतली आहेत. नावं नेहमीप्रमाणे गाळली आहेत, मजकूर आटोपता केला आहे. मला नव्याने वाचणाऱ्यांसाठी सांगते, मी एकोणचाळिसाव्या वर्षी डायव्हिंग शिकले, पुढे चौदा वर्षं शिकवलं आणि गुडघे कुरकुरायला लागल्यापासून फक्त स्वतःसाठी उतरते. पाण्यात ते कुरकुरत नाहीत.

प्रश्न : ताई, आम्ही नवरा-बायको. दोघांचाही ओपन वॉटर हा पहिला कोर्स झालाय, मिळून बावीस डाइव्ह आहेत. दहा दिवसांची सुट्टी जमवली आहे. मांटा रे, व्हेल शार्क, हॅमरहेड आणि कासवं एवढं तरी दिसायलाच हवं. मालदीव, इंडोनेशिया, गालापागोस अशी यादी करून डोकं चालेनासं झालंय. तुम्ही एकच नाव सांगा.

उत्तर : सांगते, पण शेवटी. तिथवर कशी आले ते वाचलं नाहीत, तर पुढच्या वर्षी हाच प्रश्न पुन्हा विचाराल.

तुम्ही बेटांची यादी केलीत आणि प्राणी तिला मागून चिकटवलेत. उलटं करा. हे मोठे प्राणी अन्नामागे फिरतात आणि अन्न वाऱ्यामागे. म्हणून आधी प्राणी, मग महिना आणि त्या महिन्यात तो प्राणी जिथे असतो ते बेट.

मांटाचंच घ्या. पाकटाच्या कुळातला, पण शेपटीला विषारी काटा नसलेला, पाण्यातलं प्लवक, म्हणजे तरंगते सूक्ष्म जीव, गाळून खाणारा मासा. मालदीवमध्ये नैऋत्य मोसमी वारे असतात तेव्हा, साधारण मे ते नोव्हेंबर, प्रवाह पश्चिमेकडून पूर्वेकडे जातो. प्लवक अटॉलच्या, म्हणजे कंकणाकृती प्रवाळबेटांच्या, पूर्व कडांना साचतं आणि मांटा तिकडे गोळा होतात. डिसेंबर ते एप्रिलमध्ये वारा ईशान्येचा, मग सगळं फिरतं आणि मांटा पश्चिम कडांना. दोघं मित्र मालदीवला जाऊन येतात, एक म्हणतो मांटाच मांटा, दुसरा म्हणतो एकसुद्धा नाही, आणि दोघंही खरं सांगत असतात. इंडोनेशियाचंही तसंच. राजा अम्पातचा मोसम ऑक्टोबर ते एप्रिल. पुढे तिथे वारा सुटला, की तिथल्या बऱ्याच बोटी बाडबिस्तरा उचलून कोमोडोकडे जातात. बोटी कुठे चालल्या आहेत हे पाहिलं तरी अर्धं नियोजन होतं.

व्हेल शार्कमध्येही ‘कुठला’ हे विचारावं लागतं. मालदीवच्या दक्षिण आरी अटॉलमध्ये तो बाराही महिने भेटतो, पण तिथले जवळजवळ सगळे वयात न आलेले नर. गालापागोसच्या उत्तर टोकाला, डार्विन बेटाजवळ, जून ते नोव्हेंबरमध्ये येतात त्या प्रचंड माद्या, पोट सुटलेल्या, बहुधा गाभण. म्हणायला एकच प्राणी, पण एका ठिकाणी पोरं, दुसऱ्या ठिकाणी आया.

आता हॅमरहेड, म्हणजे हातोड्यासारख्या डोक्याचे शार्क. त्यांचे थवे पाहायचे तर गालापागोसची डार्विन आणि वुल्फ ही बेटं, नाहीतर कोस्टा रिकाच्या किनाऱ्यापासून साडेपाचशे किलोमीटरवरचं कोकोस. तिन्ही ठिकाणी लिव्हअबोर्डवरच, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या बोटीवरच आठवडाभर मुक्काम. कोकोसला पोचायलाच दीड दिवस लागतो. विषुववृत्त आहे म्हणून पाणी कोमट असेल असं समजू नका. गालापागोसला थंड हंबोल्ट प्रवाह येऊन मिळतो, पाच ते सात मिलिमीटरचा सूट चढवावा लागतो. वुल्फला मी दोन्ही हातांनी खडक धरून झेंड्यासारखी फडफडले आहे, आणि तेव्हा माझ्या वहीत तीनशेच्या वर डाइव्ह होते. तुमचे बावीस भागिले दोन, म्हणजे प्रत्येकी अकरा. हॅमरहेड यादीतून खोडा. ते राहतील तिथेच, तुम्ही तयार होऊन जा.

कासवांसाठी वेगळं काही करू नका, ती वाटेत भेटतात.

उरले मांटा आणि व्हेल शार्क. उत्तर : मालदीव, दक्षिण आरी, जानेवारी ते मार्च. व्हेल शार्क तिथे असतोच आणि त्या मोसमात मांटा त्याच अटॉलच्या पश्चिम कडेला असतात. एका मुक्कामात दोन्ही.

त्याआधी घराजवळ कुठे जमेल तिथे ॲडव्हान्स्ड कोर्स करून घ्या. ओपन वॉटरवर तुम्ही अठरा मीटरपर्यंत जाऊ शकता आणि मालदीवमध्ये मौजेच्या डायव्हिंगला कायद्याने तीस मीटरची मर्यादा आहे. मधल्या बारा मीटरमध्ये बरंच काही घडतं, विशेषतः खाड्यांच्या तोंडाशी. भरतीचं पाणी बाहेरच्या समुद्रातून अटॉलच्या आत शिरत असतं तेव्हा तिथे पाणी काचेसारखं असतं आणि शार्क तोंड प्रवाहाकडे करून जागच्या जागी तरंगत असतात. ओहोटीला तेच पाणी आतला गाळ घेऊन बाहेर येतं, गढूळ. म्हणून तारखा ठरवताना चंद्रही बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला प्रवाह जोरात, मोठे मासे जास्त आणि तुमची दमछाकही जास्त. अष्टमीच्या आसपासच्या भांगेला पाणी शांत. अकरा डाइव्हवाल्यांनी पहिले तीन दिवस भांगेत पडतील असं बघावं आणि उधाणाकडे सरकत जावं.

दहा दिवसांचा हिशेबही आत्ताच करा. जाण्या-येण्यात दोन गेले. पहिला दिवस सवयीचा, पोहोचल्याबरोबर खोल पाणी नको. शेवटचा दिवस कोरडा, त्याचं कारण पुढे एका पत्रात येईल. राहिले सहा. त्या सहांत दोन बेटसमूह बसवू नका. प्राणी पहिल्या दिवशी आला नाही तर दुसऱ्या, तिसऱ्या दिवशी त्याच जागी पुन्हा उतरायला वेळ हवा. हाच एकमेव उपाय मला ठाऊक आहे आणि बहुतेक लोक नेमका तोच घरी ठेवून येतात.

प्रश्न : वय सत्तेचाळीस. पोहता येतं, पण फार वेळ नाही. लहानपणी दमा होता, आता नाही. मुलगी म्हणते तिच्याबरोबर बेटावर जाऊन कोर्स कर. जमेल का?

उत्तर : पोहण्याची चिंता कमी करा, दम्याची आजच करा.

ओपन वॉटरला दोनशे मीटर न थांबता पोहायचं असतं, वेळेची अट नाही, हवी ती तऱ्हा चालते. मास्क, फिन्स म्हणजे पायातले पंख आणि स्नॉर्केल म्हणजे श्वासाची नळी लावून जायचं तर तीनशे मीटर. शिवाय दहा मिनिटं तरंगणं. रोज थोडं थोडं केलंत तर दोन महिन्यांत होईल.

खरा अडसर एक कागद आहे. कोर्सच्या आधी आरोग्याची प्रश्नावली भरावी लागते. दमा, कानाचं ऑपरेशन, हृदय, फुप्फुस, पंचेचाळीसच्या वरचं वय, असे प्रश्न. काही ठिकाणी ‘हो’ आलं, की डॉक्टरच्या लेखी परवानगीशिवाय पाण्यात घेत नाहीत, आणि घेऊ नयेच. मी शिकवत होते तेव्हा तुमच्याच वयाची एक बाई बेटावर आली. उत्साहाने फॉर्म भरला, प्रामाणिकपणे दम्यावर खूण केली. त्या बेटावर डॉक्टर नव्हता. मोठ्या बेटाची बोट तीन दिवसांनी होती. तीन दिवस ती धक्क्यावर पाय सोडून बसली आणि बाकीच्यांच्या टाक्या मोजत राहिली. चौथ्या दिवशी तिची परतीची तारीख होती.

तेव्हा फॉर्म आताच मिळवा, डायव्हिंगची माहिती असलेल्या डॉक्टरला दाखवा, श्वासाची तपासणी करून घ्या. दम्याचा प्रश्न खोटा नाही. पाण्याखालून वर येताना छातीतली हवा प्रसरण पावते, दहा मीटरवरून पृष्ठभागावर येईपर्यंत दुप्पट होते. श्वासनलिका आकसलेली असेल तर ती हवा अडकते आणि फुप्फुसाला इजा होते. डॉक्टर नाही म्हणाले तर ऐका. हो म्हणाले, तर थिअरी आणि तलावातला भाग घरीच उरकून, पत्र घेऊन बेटावर फक्त शेवटचे चार डाइव्ह करा. सुट्टीतले दोन-तीन दिवस वर्गात बसायचे वाचतील. ज्या केंद्रावर जाणार त्यांना हे आधी कळवा, घरी शिकवणारी आणि बेटावरची संस्था एकमेकींचं काम मान्य करतात का तेही विचारून घ्या.

प्रश्न : मला उणे चारचा चष्मा आहे. मासे दिसतील की नुसते रंगीत ठिपके?

उत्तर : उणे चारला ठिपकेच. मास्कमध्ये नंबरच्या काचा बसवून मिळतात, त्या घ्या. मऊ कॉन्टॅक्ट लेन्सही चालतात, फक्त मास्कमधलं पाणी काढताना डोळे मिटायचे. पाण्याखाली सगळं तिसऱ्या हिश्शाने मोठं दिसतं, त्यामुळे उणे एक-दीडवाले चष्म्याविना निभावतात. चाळिशी लागलेल्यांची तऱ्हा वेगळी, त्यांना शार्क स्वच्छ दिसतो आणि हवेचा काटा दिसत नाही. माझ्या मास्कच्या खालच्या कडेला वाचायच्या नंबरचे दोन चिकटवायचे तुकडे आहेत. आणि हो, नवा मास्क टूथपेस्टने आतून दोन-तीनदा घासा, नाहीतर कारखान्यातल्या थरामुळे धुकं धरत राहील.

प्रश्न : मी तीन सहली केल्या, साठेक डाइव्ह. दरवेळी माझ्या गटातल्या इतरांना जास्त दिसतं. मांटा आला की मी पोचेपर्यंत गेलेला असतो. वर माझी हवाही सर्वांत आधी संपते, मग सगळ्यांना माझ्यामुळे वर यावं लागतं. गाइडचा चेहरा पाहवत नाही. माझं चुकतंय कुठे?

उत्तर : ‘मी पोचेपर्यंत’ यात.

माझा तेविसावा डाइव्ह, कोमोडो. रेती आणि तुटलेल्या प्रवाळाचा उतार, त्यात एक मोठा एकटा खडक. त्या खडकावर मांटा आला. पंखांचा पसारा साधारण तीन मीटर, पोटावर काळे ठिपके. ते प्रत्येकाचे वेगळे असतात, बोटांच्या ठशांसारखे, हे मला नंतर कळलं. मला तेव्हा एवढंच कळलं, की हा माझा पहिला मांटा आणि तो माझ्यापासून पंधरा मीटरवर आहे. मी निघाले. ढुंगण वर, पाय जोरात, बुडबुड्यांचा लोट. त्याने एक पंख किंचित वाकवला, एवढंच, आणि नाहीसा झाला. मी मागे लागले. हवेचा काटा १४० वरून ९० वर कधी आला ते पाहिलंच नाही. गाइडने माझं फिन धरून थांबवलं आणि मागे बोट दाखवलं. मागे आमच्या गटातला एक साठी उलटलेला गृहस्थ रेतीवर बसून होता, हात छातीशी, हलत नव्हता. मांटा वळसा घालून परत आला होता आणि त्याच्या डोक्यावरून, हात उंचावला असता तर लागला असता इतक्या जवळून, तीनदा गेला. त्याने हात उंचावला नाही.

लॉगबुकात त्या दिवशीची नोंद आहे : ‘मांटा – १ (शेपूट).’

तो खडक म्हणजे मांटांचं स्वच्छतेचं ठिकाण होतं. छोटे रॅस मासे तिथे दुकान मांडून बसलेले असतात. मांटा, शार्क, कासवं येऊन थांबतात आणि ते त्यांच्या अंगावरचे परजीवी टिपून खातात. मांटाला तिथे यायचंच असतं. तुम्ही खडकावर चढून बसला नाहीत, त्याच्या येण्याच्या वाटेत आडवे आला नाहीत, वरून बुडबुडे सोडले नाहीत, तर तो परत येतो. खडकापासून लांब, खाली, बाजूला, दोघा-तिघांनी एकत्र थांबायचं. मांटाचा मेंदू माशांमध्ये सर्वांत मोठा आहे. कोण पाठलाग करतोय आणि कोण बसलाय हे त्याला पुरतं कळतं.

आता हवेचं गणित करू, कारण तुमचे दोन्ही प्रश्न एकच आहेत. बारा लिटरची टाकी, दोनशे बार दाब, म्हणजे २४०० लिटर हवा. पन्नास बार, म्हणजे सहाशे लिटर, राखीव. वापरायला १८००. वीस मीटरवर दाब तिप्पट असतो, म्हणून प्रत्येक श्वासाला तिप्पट हवा लागते. धावपळ करणारा माणूस पृष्ठभागावर मिनिटाला पंचवीस लिटर घेत असेल, तर तिथे पंचाहत्तर. १८०० भागिले ७५, चोवीस मिनिटं. रेतीवर बसलेल्या त्या गृहस्थाचे पंधरा लिटर धरा, वीस मीटरवर पंचेचाळीस. त्याला चाळीस मिनिटं. समुद्र तोच, टाकी तीच, आणि त्याला सोळा मिनिटं जास्त. मांटा बऱ्याचदा त्याच सोळा मिनिटांत येतो.

मग करायचं काय? पहिलं, कमरेचं वजन तपासा. साठ डाइव्हनंतरही बहुतेकांच्या कमरेला पहिल्या कोर्सइतकंच शिसं असतं. टाकी जवळजवळ रिकामी असताना, तरंगण्यासाठी फुगवायच्या जॅकेटमध्ये हवा न ठेवता, पाच मीटरवर स्थिर राहता येईल एवढंच वजन हवं. जास्त असेल तर ते तोलायला जॅकेट फुगवावं लागतं, शरीर तिरकं होतं, पाय सतत चालवावे लागतात. दुसरं, हात वापरू नका. पुढच्या सहलीच्या पहिल्या डाइव्हला हाताची घडी घालून उतरा आणि किती वेळा ती सुटते ते मोजा. तिसरं, एक डाइव्ह मुद्दाम एका टेबलाएवढ्या जागेत काढा. फिरायचं नाही. गाइडला आधी सांगा, तो मनातून खूश होईल.

हे जमत नसेल तर एकदा लेंबेला जा. सुलावेसीच्या उत्तर टोकाला, काळ्या ज्वालामुखी रेतीची सामुद्रधुनी. पहिल्या दहा मिनिटांत वाटतं, इथे काय आहे? कचरा आणि रेती. विसाव्या मिनिटाला रेतीला डोळा फुटतो. दुसऱ्या प्राण्यांची सोंगं घेणारा ऑक्टोपस सुलावेसीच्याच पाण्यात सापडला. तिथे घाई करणाऱ्याला खरोखर काहीच दिसत नाही, त्यामुळे सवय आपोआप मोडते. संध्याकाळी मँडरिन माशांच्या जोड्या पाहायला गेलात तर तीस मिनिटं एका ढिगाऱ्यासमोर लटकून राहावं लागतं. अंधार पडता पडता बोटाएवढे दोन मासे गालाला गाल लावून अर्धा मीटर वर येतात, एक सेकंद, की पुन्हा खाली. मी तो सेकंद चारदा पाहिला आहे आणि अकरा वेळा शिंक आल्याने, मास्क भरल्याने किंवा घड्याळ पाहिल्याने हुकवला आहे.

प्रश्न : ताई, हे नावानिशी विचारायला संकोच वाटतो. पाळीच्या दिवसांत पाण्यात उतरलं तर शार्क येतात का? सहलीच्या तारखा नेमक्या त्यातच येत आहेत.

उत्तर : संकोच कसला, हा प्रश्न मला कोर्सच्या दर तुकडीत एकीने तरी कानात विचारला आहे. नाही येत. पाळीमुळे शार्कचा धोका वाढतो याला काहीही आधार नाही. पोटात दुखत असेल, झोप झाली नसेल, तर त्या कारणाने डाइव्ह सोडा, शार्कच्या कारणाने नको. तारखा बदलू नका. शार्क पाहायला लोक पदरमोड करून जातात आणि तो बहुतेकदा आपल्याला पाहून लांब जातो.

मला आयुष्यात चावलेला एकमेव मासा टायटन ट्रिगरफिश. पाऊण मीटर लांब, दात उंदरासारखे, तळाशी खड्डा करून अंडी घालतो आणि राखतो. त्याची हद्द खड्ड्यापासून वर रुंद होत जाते, नरसाळ्यासारखी. मी घाबरून वर गेले आणि त्याच्या हद्दीतच राहिले. त्याने फिनचा कोपरा नेला. पाठीवरचा काटा उभा करून तो तुमच्याकडे वळला, की फिन्स त्याच्याकडे करा आणि आडवं, तळालगत, लांब जा. वर नाही.

प्रश्न : सहा डाइव्ह झाले. कॅमेरा कोणता घेऊ?

उत्तर : कोणताही नको, बाळा. पन्नास होऊ देत. तू प्रवाळावर टेकून फोटो काढशील आणि खडकासारखं दिसणारं गोल प्रवाळ वर्षाला सेंटिमीटरभर वाढतं. पाच-सात मीटरच्या खाली लाल रंग पाण्यात विरून जातो, त्यामुळे फोटो निळेच येतील. त्यापेक्षा टॉर्च घे. लाल रंग बघायला.

प्रश्न : एका बेटावरच्या जाहिरातीत ‘व्हेल शार्कचं शंभर टक्के दर्शन’ अशी हमी आहे. बाकी कुणी हमी देत नाही. मग हेच बरं ना?

उत्तर : हमी देता येते याचं एकच कारण असतं, बोटीवरून खाणं टाकतात. मी अशा एका ठिकाणी एकदा गेले आहे, न विचारता, आणि ती चूक माझीच. व्हेल शार्क होडीजवळ उभा, अक्षरशः उभा, तोंड वर आणि शेपूट खाली, कुणीतरी मुठीने कोळंबी टाकतोय. चाळीसेक माणसं भोवती. त्याच्या ओठाच्या कडेला लाकडावर घासून पांढरे वण पडलेले. फिरता प्राणी एका जागी अडकतो आणि होडी म्हणजे जेवण हे शिकतो. पुढे जिथे जाईल तिथे होड्यांच्या पंख्यांजवळ जाईल.

पैसे भरण्याआधी विचारा : खाणं टाकता का? एका वेळी किती जण पाण्यात? शार्क दिसल्यावर बोट कुठे थांबवता? उत्तर गुळमुळीत आलं की पुढे चला. चांगले गाइड पाण्यात उतरण्याआधीच अंतर सांगतात : अंगापासून तीन मीटर, शेपटीपासून चार, स्पर्श नाही, फ्लॅश नाही, तोंडासमोर नाही. आणि ‘काल दिसला नाही’ असं जो स्वतःहून सांगतो त्याच्याकडे नाव नोंदवा. मी फिलिपीन्समधल्या मलापास्कुआ बेटावर थ्रेशर शार्कसाठी पहाटे चार दिवस ओळीने उठले. दोन दिवस कोरे गेले. तिसऱ्या दिवशी तो आला, अंगाएवढीच लांब शेपूट मागे चाबकासारखी सोडून. चौथ्या दिवशी पुन्हा कोरा.

प्रश्न : आमचं विमान संध्याकाळी सहाला आहे. सकाळी सातचा एक शेवटचा डाइव्ह बसतो. एजंट म्हणतो, चालतं.

उत्तर : एजंट विमानात नसणार. दाबाखाली शरीरात नायट्रोजन विरघळतो आणि हळूहळू बाहेर पडतो. विमानाच्या केबिनमध्ये दाब १८०० ते २४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असतो तेवढाच. घाई केलीत तर उरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात, सांध्यांत नाहीतर मज्जारज्जूत. एकच डाइव्ह झाला असेल तर किमान बारा तास, अनेक दिवस डाइव्ह चालू असतील तर किमान अठरा. मी सरळ चोवीस धरते. त्या दिवशी ज्वालामुखीवर चढायचा बेत असेल तर त्यालाही हेच लागू, उंची ती उंची.

विम्याचे कागदही उघडा. प्रवासाच्या साध्या विम्यात डायव्हिंग अनेकदा वगळलेलं असतं किंवा खोलीची अट असते. दाबकक्षातले उपचार आणि तिथवर नेण्याची सोय त्यात आहे का, हे दोन शब्द शोधा. दुर्गम बेटावर दाबकक्ष नसतो.

प्रश्न : आम्हाला आईला घेऊन जायचंय. ती एकसष्ट वर्षांची, थोडं पोहते, टाकी लावायला ठाम नकार. आम्ही दिवसभर पाण्यात आणि ती किनाऱ्यावर, हे बरं वाटत नाही. मांटा पाहायची तिला फार इच्छा आहे.

उत्तर : मग महिना बदला आणि मालदीवच्या बा अटॉलला जा, जून ते ऑक्टोबरमध्ये, अमावास्या किंवा पौर्णिमेच्या आगेमागे. त्या अटॉलच्या पूर्व कडेला हनिफारू नावाचा छोटासा उपसागर आहे, एका बाजूने बंद, नरसाळ्यासारखा. नैऋत्य वाऱ्यात उधाणाची भरती प्लवक आत ढकलते आणि ते तिथेच कोंडतं. मग मांटा डझनावारी आत येतात आणि तोंडं उघडी ठेवून, एकामागे एक, गोल गोल फिरतात. पाऊस पडेल, पाणी हिरवट दिसेल, आईला सांगून ठेवा. पाणी गढूळ दिसतं तेच त्यांचं जेवण. २०११ पासून बा अटॉल युनेस्कोचं संरक्षित जीवावरण क्षेत्र आहे. आत जायला परवाना आणि परवानाधारक गाइड लागतो, वेळेची मर्यादा असते.

आईला नाकाला बरोबर बसणारा मास्क घ्या. पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवून नाकाने श्वास आत ओढला तर तो जागच्या जागी चिकटून राहायला हवा. निघण्याआधी आठवडाभर रोज दहा मिनिटं, घरात खुर्चीवर बसून, मास्क आणि स्नॉर्केल लावून टीव्ही बघू द्या. हसू नका, तोंडाने श्वास घेण्याची भीती अशीच जाते. पाण्यात अंगावर तरंगणारं जॅकेट, शेजारी गाइड, पूर्ण बाह्यांचा सूट म्हणजे पाठ भाजणार नाही.

तुमच्या टाक्या मात्र बोटीवरच राहतील. हनिफारूमध्ये स्कूबाला बंदी आहे, तिथे सगळे पृष्ठभागावरून, स्नॉर्केलनेच. तेव्हा त्या दिवशी आईला पुढे जाऊ द्या आणि तुम्ही तिच्या मागून पोहा.